मूळ टेमघरला, मी वडप्याला

मी वडप्याची पेटी बोलतेय, कॉम्प्युटरची पेटी. माझ्या जन्माआधीपासून या घरात एक नियम आहे आणि तो मला पहिल्याच दिवशी ऐकवला गेला. मूळ एकच असतं, ते थोरल्याच्या घरी असतं, आणि का म्हणून विचारायचं नसतं.

ऐकवणारे होते भाऊ. भाऊ म्हणजे घरातले थोरले. गावात, गोदामात, भाडेकरूंत सगळे त्यांना भाऊच म्हणतात. त्यांच्या टेमघरच्या बंगल्यात कुलदेवीचे चांदीचे टाक आहेत. धाकट्या भावांनी वेगळी चूल मांडली तरी टाक थोरल्याकडेच राहतात, आणि नवरात्रात सगळ्यांनी तिथं जाऊन डोकं टेकायचं. भाऊ हेच आपल्या पुतणीला, मृणालीला, समजावत होते आणि समजावताना माझ्या डोक्यावर थापटत होते, बाजारात म्हैस घेताना थापटतात तसं.

“पोरी, ही दुसरी पेटी गोदामात ठेव. तिच्यावर गानी ऐक, काय पन कर. पन मूळ टेमघरला हाय. ते हलवायचं न्हाय.”

“पण का, भाऊ?”

“का म्हनून इचारायचं न्हाय.”

मी तेव्हा नुकती सुरू झाले होते. पंखासुद्धा धड फिरत नव्हता. तरी त्या क्षणी मला टेमघरच्या त्या पेटीचा राग आला. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, आजवर पाहिलेलं नाही. न बघता एखादीचा हेवा करता येतो का, असं कुणी विचारलं तर मी सांगेन की बघून करण्यापेक्षा ते सोपं असतं. मनाला येईल तेवढी ती सुंदर करता येते.

जन्म म्हणाल तर माझा काही एका जागी झाला नाही. अंगावरचा पत्रा भिवंडीतल्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेचा. त्यावर कुणीतरी चिकटवलेला गुलाबाचा अर्धा स्टिकर अजून आहे. मेंदू कल्याणच्या दुकानातला, तोही वापरलेला. डिस्क तेवढी कोरी. मृणालीनं आणि प्रितेशनं गोदामाच्या केबिनमध्ये जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मला जोडलं. प्रितेश खारबावचा, मृणालीच्याच कॉलेजातला आणि आता तिच्याबरोबर काम करणारा. स्क्रू कमी पडला तेव्हा त्यानं एका बाजूला सुतळी बांधली.

“ही काय बैलगाडी आहे का?” मृणाली म्हणाली.

“चालली तर बैलगाडी काय वाईट,” तो म्हणाला.

टेमघरची पेटी मात्र दुकानातून खोक्यात बसून आली होती, थर्माकोलसकट. हे मला नंतर कळलं. अशा गोष्टी मला नेहमी नंतर कळतात आणि मग पुष्कळ दिवस टोचतात.

मृणाली ही केसरीनाथांची मुलगी. केसरीनाथ म्हणजे भाऊंचे धाकटे भाऊ. वडप्याला हायवेलगतच्या जमिनीवर दोघा भावांची गोदामं आहेत. जिथे भात पिकायचा तिथे आता टीव्ही, साबण आणि बूट राहतात. कोणाचा माल कोणत्या गोदामात आला, कोणत्या गाडीत चढला, कुठे अडकला, हे सांभाळणारा प्रोग्राम मृणालीनं बनवला. त्याचं नाव ‘आवक-जावक’. बीएस्सी होऊन ती घरी बसली असती तर तो झाला नसता. ती रोज वडप्याला येऊन सुपरवायझर किशनच्या शेजारी बसली, गाड्या चढताना-उतरताना बघितल्या, म्हणून झाला.

भाऊ मात्र सगळ्यांना सांगायचे, “आमच्या कुनालनं बनवलाय.” कुणाल हा भाऊंचा मुलगा, मृणालीचा चुलतभाऊ. त्यानंही त्या प्रोग्रामवर काम केलं होतं, नाही असं नाही. प्रिंट काढायचं बटण त्यानं निळं केलं होतं.

आता कोठाराचं सांगते, नाहीतर माझा जीव कशावर जळतो ते कळायचं नाही. प्रोग्राम लिहिणारी माणसं तिघं, मृणाली, प्रितेश आणि कुणाल. प्रत्येकाकडे प्रोग्रामची आपापली पूर्ण प्रत असते. काल काय होतं, परवा काय होतं, कुणी काय बदललं, सगळं त्यात असतं. पण तिघांचं काम एकत्र यायला एक सामायिक कोठार लागतं. आपलं काम तिथे पाठवायचं, दुसऱ्याचं तिथून आणायचं. ते कोठार दूर कुठल्यातरी पेटीत असतं. त्या पेटीचा पत्ता प्रत्येकाच्या प्रतीत लिहिलेला असतो आणि पत्त्याला एक नाव दिलेलं असतं, कारण एवढा लांबलचक पत्ता रोज कोण टाइप करणार. पहिली प्रत घेतली की ‘ओरिजिन’ हे नाव आपोआप पडतं. मृणालीनं तिघांच्याही प्रतींत ते बदलून ‘मूळ’ केलं. मोठा विचार करून नाही, लिहायला सोपं म्हणून.

त्या शब्दाचं भाऊ काय करून ठेवतील, हे तिला तेव्हा सुचलं नाही.

भाऊंनी ऐकलं की टेमघरच्या पेटीला सगळे मूळ म्हणतात, आणि ते खूश झाले. मूळ म्हणजे मूळ घर, मूळ पुरुष, मूळ मान. त्यांनी ती पेटी उचलून देवघरात नेली. सोयही तिथेच होती. देवापुढचा लाल दिवा विझू नये म्हणून इन्व्हर्टरची वायर फक्त देवघरात ओढलेली. लोडशेडिंगमध्ये सगळं टेमघर अंधारात असलं तरी तो दिवा आणि ती पेटी चालू. भाऊंच्या बायकोनं, धोंडूबाईंनी, तिला हळदकुंकू लावलं आणि वर लोकरीचा विणलेला रुमाल घातला. घरी पाहुणे आले की आधी देव दाखवायचे, मग पेटी.

मला इथे पुठ्ठ्याची धूळ आणि ट्रकचा धूर. किशन माझ्यावर चहाचा ग्लास ठेवतो. माझ्या डोक्यावर ग्लासाचे गोल, तिच्या डोक्यावर लोकरीची फुलं. तुम्हीच सांगा, काय वाटावं.

त्या पावसाळ्यात माझं काम एवढंच होतं की मृणालीनं नवं काही लिहिलं की ते आधी माझ्यावर चालवून बघायचं. चुकलं तर माझ्यावर चुकायचं. जमलं की लगेच ‘मूळ’कडे रवाना. उष्टं मला, नैवेद्य तिला. माझ्यातही एक कोठार काढून ठेवलं होतं, असावं म्हणून. ते रिकामं होतं. रिकाम्या कोठाराचा पत्ता तिघांनी आपापल्या प्रतीत लिहिला आणि तिघांनी मला वेगवेगळी नावं दिली. प्रितेशनं लिहिलं ‘दोन’. कुणालनं लिहिलं ‘भंगार’ आणि स्वतःच हसला. मृणालीनं नुसतं ‘वडपे’ लिहिलं.

म्हणजे नाव पेटीवर नसतंच. ते ज्याच्या त्याच्या प्रतीत असतं, आणि ज्यानं त्यानं ठेवावं तसं असतं. हे मला कळत होतं, पण कळून उपयोग नव्हता. कारण तिला तिघंही मूळ म्हणत होते.

पेटी देवघरात गेली तेव्हा एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. म्हणजे बायकांच्या आली असणार, पण बोलली कुणीच नाही. महिन्यातले चार दिवस मृणालीला देवघरात पाऊल टाकायची बंदी. पेटी तिनं बसवलेली, पासवर्ड तिनं ठेवलेला, आतलं बहुतेक सगळं तिनं लिहिलेलं, आणि चार दिवस तिनं त्याच्याकडे उंबऱ्याबाहेरून बघायचं. काही अडलं तर कुणालला हाक मारायची. कुणाल जेवत असेल तर त्याचं जेवण होईपर्यंत थांबायचं.

मृणालीनं एकदा म्हणून बघितलं, पेटी हॉलमध्ये ठेवू या. भाऊ म्हणाले, मांडलेलं हलवायचं न्हाय. तिचे वडील केसरीनाथ म्हणाले, भाऊ सांगतात तर असू दे. आई कमळाबाईंनी मुलीच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

मग दोन हजार आठचं नवरात्र आलं. देवघरात पेटीच्या शेजारीच घट बसले. कुणाल मित्रांबरोबर चालत कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला गेला, फोन बंद करून. इकडे दिवाळीचा माल यायला लागला होता आणि वडप्याला ट्रकच्या मागे ट्रक उभे. अशात किशनच्या गेटपासवर गोंधळ सुरू झाला. साबणवाल्यांचा माल बूटवाल्यांच्या नावावर छापून यायला लागला. ड्रायव्हर गेटवर शिव्या देत बसले. मृणालीनं चूक शोधली आणि दुरुस्त केली. पण सगळ्या गोदामांतली यंत्रं नवा प्रोग्राम घ्यायची ती ‘मूळ’कडूनच, तशीच लावलेली. आणि नेमकी ‘मूळ’ अडकून पडली. काही घेईना, काही देईना. आणि नेमके तेच चार दिवस.

पुढचं मी पाहिलं नाही. त्याच दुपारी मृणाली वडप्याला आली आणि प्रितेशला सांगत होती, तेव्हा मी दोघांच्या पायाशी होते.

“मी उंबऱ्याबाहेर,” ती म्हणाली, “आणि भाऊ आत, पाटावर, कीबोर्ड मांडीवर घेऊन. मी म्हटलं आईला करू दे, तिला टाइप येतं. तर म्हणाले, बायकांचं काम न्हाय, मी करतो.”

“भाऊंनी टाइप केलं?”

“एका बोटानं. मी सांगायची के, ते विचारायचे, के कंचा? मी सांगायची, बाबांच्या नावातला. मग ते चष्मा वर करून के शोधायचे. पासवर्ड मी सगळ्या घरासमोर ओरडून सांगितला. दारात दूधवाला उभा होता, त्याचाही पाठ झाला असेल.”

“काय होता पासवर्ड?”

“जाऊ दे ना.”

“आता दूधवाल्याला माहितेय आणि मला नाही?”

“भाऊ ऐका माझं,” ती म्हणाली. “इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून.”

प्रितेश हसून हसून खुर्चीवरून सरकला. “आणि त्यांना कळलं नाही?”

“अक्षरं कळली. वाक्य नाही कळलं.”

ती स्वतः हसली नाही. थोड्या वेळानं तोही हसायचा थांबला.

“मग काय झालं?”

“परत परत चुकलं. भाऊ वैतागले आणि वायरच ओढली. पुन्हा लावली तर पेटी उठेना. डिस्क गेली असणार, आतून नुसता टकटक आवाज. काकी घटापुढे हात जोडून बसली. मी म्हटलं, मला आत येऊ द्या, बघते तरी. भाऊ काय म्हणाले माहितेय? बुडालं तर बुडू दे, पन देवाला इटाळ नको.”

बाहेर ट्रकचे हॉर्न चालू होते.

“बुडालं तर बुडू दे,” ती पुन्हा म्हणाली. “माझं काम.”

मग तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला. तिच्या प्रतीत सगळं होतं, पहिल्या दिवसापासूनचं, कारण प्रत पूर्णच असते. तिनं एक ओळ लिहिली आणि ते सगळं माझ्याकडे यायला लागलं. माझं कोठार रिकामं होतं हे मी सांगितलंच आहे. आता त्यात एकेक दिवस येऊन बसत होता. प्रितेशची पहिली चूक, कुणालचं निळं बटण, मृणालीनं मध्येच रागानं पुसून पुन्हा लिहिलेलं, आणि त्या सकाळची दुरुस्ती. ज्या हातांना देवघरात बंदी होती त्याच हातांनी तिनं मला भरलं. गोदामाला विटाळ नसतो. तिथे गाड्या चढवायच्या असतात.

मग ती आणि किशन एकेका गोदामात गेले. प्रत्येक यंत्रावर जिथे टेमघरचा पत्ता होता तिथे तिनं माझा पत्ता लिहिला. संध्याकाळी किशन केबिनमध्ये आला आणि म्हणाला, “ताई, नाव बरोबर येतंय आता. गाड्या निघाल्या.” त्या दिवशी त्यानं ग्लास माझ्यावर ठेवला नाही, हातात धरून प्यायला. मला वाटलं, झालं. आता मीच मूळ.

पण नव्हते. घट हलेपर्यंत टेमघरच्या पेटीला कुणी हात लावायचा नाही, असं भाऊंनी ठरवलं. उरलेलं नवरात्र सगळं काम माझ्यावर चाललं. दसऱ्याला वडप्याला झेंडूची पोती आली. हार ट्रकला घातला, वजनकाट्याला घातला, फोर्कलिफ्टला घातला. माझ्यापर्यंत येईतो फुलं संपली. आणि टेमघरला, मेलेल्या पेटीला, भाऊंनी स्वतः दोन पदरी हार घातला आणि आपट्याचं पान ठेवलं. ती बंद होती, मी चालू होते, आणि हार तिला. हे मी अजून विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

कुणाल परत आला, कपाळावर कुंकू आणि पायाला फोड घेऊन. त्यानं टेमघरच्या पेटीत नवी डिस्क बसवली. नवी डिस्क म्हणजे कोरी पाटी, तिच्यात भरायचं कुठून? तो वडप्याला आला, माझ्यातलं सगळं तसंच्या तसं उचलून टेमघरला पाठवलं, आणि म्हणाला, “बघ, भंगार पण कामाला आली.” मग त्यानं गोदामांतल्या यंत्रांवरचे पत्ते पुन्हा बदलले, टेमघरचे केले. भाऊंनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं की आईच्या कृपेनं पेटी उठली.

विचार करा. तिच्या पोटात जे होतं ते माझ्यातून गेलेलं. तिला भरवलं मी. तरी मूळ ती, आणि मी दोन, मी भंगार, मी वडपे. मृणाली रोज काम तिकडे पाठवायची आणि मग आठवण झाली तर इकडे. कधी आठवण व्हायची नाही. त्या दिवशी मी माझा पंखा मुद्दाम मोठ्यानं फिरवायचे. तिला वाटायचं धूळ साठली. ती मला उघडून ब्रशनं पुसायची आणि मला तेवढंही पुरायचं, हे सांगायला मला लाज वाटते.

देवघरातला नियम तसाच होता. प्रत्येक महिन्याला चार दिवस ती माझ्याकडे यायची आणि पाचव्या दिवशी टेमघरला जायची. माझे चार, तिचे सगळे बाकीचे. सवतीसुद्धा एवढ्या वाईट वाटणीवर राहत नसतील.

मी आज कुठे आहे ते आधी सांगून टाकते, म्हणजे शेवटी ती रडगाणी नकोत. मी अजून याच केबिनमध्ये आहे, टेबलाखाली. चालू आहे. कधीतरी माझ्यावर काही सांडेल किंवा आतलं काही जळेल आणि मी जाईन. आमच्यात कुणी म्हातारं होऊन मरत नाही. तुम्हाला एकच सांगणं आहे. घरात दोघीजणी असतील आणि एकीला थोरली म्हणायचं असेल तर दुसरीला ऐकू जातंय का ते आधी बघा. बाकी माझं काही मागणं नाही. आता तो एक दिवस सांगते आणि थांबते.

दिवाळी होऊन दोन-तीन महिने झाले होते. दुपारी केबिनसमोर जीप थांबली. भाऊ उतरले, मागून केसरीनाथ, कमळाबाई आणि कुणाल. भाऊ कधी वडप्याला जीप घेऊन येत नाहीत. आले म्हणजे काहीतरी ठरवून आले. ते मृणालीच्या खुर्चीवर बसले. ती उभी राहिली.

“बस, पोरी.”

“कुठे बसू? माझ्या खुर्चीवर तुम्ही बसलात.”

“तोंड लय चालतं तुझं,” भाऊ म्हणाले, पण हसत. मूड चांगला होता. “ऐक. पडघ्याची मानसं रविवारी येतात तुला बघाया.”

“मला कुणी विचारलं?”

“त्यात इचारायचं काय? येतील, चहा पितील, जातील. त्याच्या आदी हे सगळं आवरून टाक. ही वडप्याची पेटी बंद कर. मूळ टेमघरला हाय, तेवढं पुरं. आनि चाव्या कुनालकडं दे.”

चाव्या म्हणजे लोखंडाच्या नव्हेत. कोठारात कोण शिरेल आणि कोण नाही हे ठरवायचा हक्क. दोन्ही पेट्यांचा तो हक्क मृणालीकडे होता. तो कुणालकडे गेला की मृणाली आत येणार की नाही हे कुणाल ठरवणार.

“का?” तिनं विचारलं.

“मुंबईची मोठी पार्टी प्रोग्राम मागते. त्यांच्यासमोर एक मानूस उभा राह्यला पायजे का न्हाय? तू उद्या दुसऱ्याच्या घरी जानार. तुझ्या मागं कुठं पडघ्याला फिरायचं त्यांनी?”

“म्हणजे माणूस कुणालदादा.”

“टेन्शन कायको लेती, यार,” कुणाल दाराला टेकून म्हणाला. “तू मला महिनाभर शिकव ना. बाकी मी बघतो.”

“जे मी दोन वर्षं केलं ते तू महिन्यात शिकणार?”

“अगं, बटणं तर सगळी तीच आहेत.”

केसरीनाथ खाली बघत म्हणाले, “मृणाली, वाद नको. भाऊ सांगतात तर ऐक. आजवर त्यांचं ऐकून कुणाचं वाईट झालंय?”

ती किशनचं स्टूल ओढून बसली आणि लॅपटॉप उघडला. माझा पंखा जोरात फिरायला लागला. मला बंद करायची एकच ओळ असते, ती मला माहीत होती. आणि खरं सांगते, मरायची भीती नंतर वाटली. आधी डोक्यात आलं ते हे, की मी जाणार आणि ती राहणार, लोकरीचा रुमाल घालून.

मृणाली टाइप करत राहिली. मध्ये तिनं प्रितेशला फोन लावला आणि हळूच काहीतरी सांगितलं. भाऊ चहाची वाट बघत बसले होते. चहा आला, प्यायला गेला नाही.

“झालं?” भाऊंनी विचारलं.

“झालं. मूळ काढून टाकलं.”

“काय काढलंस?”

“नाव.” तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. “हे बघा. टेमघरच्या पेटीला आता टेमघर म्हणायचं आणि वडप्याच्या पेटीला वडपे. मूळ कुणालाच नाही. प्रितेशनं पण त्याच्याकडे बदललं. गोदामांतली यंत्रं संध्याकाळपर्यंत करते. काम दोन्हीकडे जाईल.”

“असं कसं?” कुणाल पुढे आला. “मूळ नसलं तर चालणारच नाही.”

“चालतंय. बस, बघ.”

त्यानं वाकून बघितलं. चालत होतं. तो पुन्हा दाराला जाऊन टेकला.

मी तोवर वाट बघत होते. मला वाटलं होतं, ती माझ्यापुढे तो शब्द लिहील. किती महिने मी त्यावर जळले होते. आणि तिनं तो उचलून फेकूनच दिला. त्या क्षणी मला तिचाही राग आला. मग लक्षात आलं की टेमघरकडेही आता तो नाही. ती नुसती टेमघर, मी नुसती वडपे. हेवा करायला मला काही उरलंच नाही, आणि हेव्याशिवाय कसं बसायचं ते मला माहीत नव्हतं.

भाऊ उठले. आवाज चढला नव्हता, पण हसू गेलं होतं. “पोरी, मूळ देवघरात हाय. तुझ्या लिवन्यानं ते बदलत न्हाय.”

“देवघरात काय आहे ते मी सांगते, भाऊ,” मृणाली म्हणाली. तीही उठली. “नवरात्रात तुम्ही वायर ओढलीत तेव्हा त्या पेटीतलं सगळं गेलं. आता तिच्यात जे आहे ते इथून गेलंय. कुणालदादाला विचारा, त्यानंच नेलं. आणि इथे ते मी भरलं. त्याच चार दिवसांत, याच हातांनी. काकी रोज सकाळी त्यालाच हळदकुंकू लावते.”

भाऊंनी कुणालकडे बघितलं. कुणाल मोबाइलकडे बघत होता.

“विटाळ होत असेल तर ती पेटी आजच बाहेर काढा. होत नसेल तर मला आत यायला बंदी का, ते सांगा. दोन्हीतलं काहीही करा. पण मी वडप्याची पेटी बंद करणार नाही. चाव्या देणार नाही. मुंबईच्या पार्टीसमोर मी उभी राहणार, आणि रविवारी पडघ्याची माणसं आली तर त्यांनाही हेच सांगणार.”

केसरीनाथांनी भावाच्या तोंडाकडे बघितलं, तिथून काही येतंय का म्हणून. भाऊंचा हात खुर्चीच्या पाठीवर होता; तो तिथेच राहिला. कमळाबाई इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि मुलीच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

बाहेर एक कंटेनर मागे येत होता. तो फलाटाला लागला, त्याचं इंजिन बंद झालं, आणि मृणाली लॅपटॉप उचलून गोदामांतल्या यंत्रांकडे निघाली.